गेल्या सात दिवसांत

‘खूप’ या शब्दाभोवती निळ्या शाईने गोल काढलेला होता. चांगला ठसठशीत, दोनदा गिरवलेला. चष्मेवाल्याने तो उलटा वाचला. छत्तीस वर्षं काउंटरच्या अलीकडे उभं राहून पलीकडच्या माणसाच्या हातातली डॉक्टरांची चिठ्ठी वाचायची, म्हणजे उलटं वाचणं त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की डोळे आता त्याची परवानगी घेत नसत. हॉस्पिटलात संशोधन करणाऱ्या मुलीला बाहेरून कुणीतरी हाक मारली, ती “आलेच हं काका” म्हणून उठली, टेबलावर फाईल उघडीच राहिली, आणि तेवढ्यात ते होऊन गेलं. प्रश्न चौदावा. गेल्या सात दिवसांत तुम्हाला आनंद वाटला का? खाली ओळीने चार शब्द: अजिबात नाही, थोडा, बराच, खूप. आणि तो गोल. बायकोच्या हातचाच. ती हिशेबातलं शून्यसुद्धा असंच दोनदा गिरवायची. त्याच्या स्वतःच्या पुढ्यातही तेच तीस प्रश्न होते, फक्त वर एक ओळ जास्त होती: रुग्ण काय उत्तर देईल असे वाटते, ते जवळच्या नातेवाइकाने लिहावे. त्याने चौदाव्या प्रश्नाला ‘अजिबात नाही’वर गोल काढला होता. काढून झाल्यावर चष्मा काढून डोळे पुसले होते, हेही त्याला आठवलं, आणि भर रस्त्यात कुणीतरी फाडकन थोबाडीत द्यावी तशी त्याची कानशिलं तापली.

खरं तर तिथेच मान फिरवायची. पण एकदा दाताखाली खडा आला की जीभ तिथेच जाते, तसे डोळे त्या कागदावर फिरत राहिले. झोप लागायला त्रास झाला का? अजिबात नाही. त्याने लिहिलं होतं खूप. मरणाची भीती वाटली का? अजिबात नाही. त्याने लिहिलं होतं खूप. घरात आपण पूर्वीसारख्याच आहोत असं वाटलं का? तिथे त्याने मोठ्या खात्रीने खूप लिहिलं होतं, आणि तिने अजिबात नाही. पुढचं वाचायच्या आत मुलगी परत आली, फाईल मिटली, आणि तिच्या लक्षात काहीच आलं नाही. ती खोली पूर्वी सामानाची असावी. भिंतीला अजून लोखंडी फळ्या होत्या आणि त्यांवर हातमोज्यांची खोकी रचलेली होती. “झालं काका?” मुलगी म्हणाली. “यात बरोबर-चूक काही नसतं बरं का. गाठ केवढी झाली ते मशीन सांगतं. पण माणसाचे दिवस कसे चाललेत, मनात काय चाललंय, ते कुठेच लिहिलेलं नसतं. आम्ही तेवढंच गोळा करतोय. आणि घरच्यांना त्यातलं कितपत कळतं, तेही.” “कितपत कळतं?” त्याने विचारलं. मुलगी हसली. “ते अजून तीन वर्षांनी सांगेन.”

बाहेर बाकावर बायको बसली होती, डोक्याला निळा रुमाल घट्ट बांधून. तीस वर्षं तिने सार्वजनिक तलावावर मुलींना पोहायला शिकवलं होतं. तिचे खांदे दारात मावत नाहीत, असं तो लग्नानंतर थट्टेने म्हणायचा. आता त्या खांद्यांवरून कपडे घसरत होते. “काय, पास की नापास?” तिने विचारलं. ती त्या मुलीला ‘प्रश्नावली’ म्हणायची आणि प्रश्नावलीकडे जायचा दिवस असला की आदल्या दिवशी पेनात शाई आहे का ते बघून ठेवायची. “चल, टॅक्सी थांबलीय,” तो म्हणाला. “चालत जाऊ या की स्टॉपपर्यंत. दोन पावलं तर आहेत.” “दगदग नको म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी.” “डॉक्टरांनी? कोणत्या हो?” ती म्हणाली, पण उठली आणि टॅक्सीत जाऊन बसली. त्याने आपल्या बाजूची काच वर केली, मग वाकून तिच्या बाजूचीही केली. ती बाहेर बघत होती. तिचा चेहरा त्याने चोरून न्याहाळला. या चेहऱ्यात खूप आनंद कुठे असेल? डोळ्यांखाली काळं, भुवया गेलेल्या, ओठांना भेगा. तो रोज पंचवीस-तीस चेहरे एक वीत अंतरावरून बघायचा, कुणाच्या डोळ्यात पाणी कमी, कुणाच्या डोळ्यावर मोतीबिंदूचा पडदा धरलाय, हे लगेच ओळखायचा. आणि हे त्याला दिसलं नव्हतं.

सात दिवस म्हणजे मागचा सोमवार ते काल रविवार. टॅक्सीत, जिन्यात, रात्रीच्या जेवणाला आणि दुसऱ्या दिवशी दुकानात काचा घासताना तो ते सात दिवस एकेक करून उलगडत राहिला. सोमवारी रक्ताचा रिपोर्ट आला होता. पेशी सावरल्या होत्या, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात सावरतात तशा. औषध चढवल्यावर पहिले आठ दिवस ती नुसती पडून असायची, दुसऱ्या आठवड्यात घरात फिरायची, तिसऱ्यात जरा माणसात यायची, की लगेच पुढची बाटली. चार झाल्या होत्या, दोन राहिल्या होत्या. रिपोर्ट वाचून ती “बरं” एवढंच म्हणाली होती. त्यात खूप काय? मंगळवारी त्याने स्वतः सूप केलं होतं, तिने अर्धी वाटी घेतलं होतं. बुधवारी शेजारच्या दोघी भेटायला आल्या, तर त्याने दारातच उभं राहून त्यांना समजावलं होतं की संसर्गाची भीती असते, नंतर या. त्या बिचाऱ्या फुलं दारात ठेवून गेल्या आणि ती फुलंही त्याने गॅलरीतच ठेवली होती. शनिवारी दिवसभर ती वाचत होती. रविवारी त्याने तिचं अंथरूण उन्हात घातलं, औषधांचा डबा आठवड्याभराचा भरला, फ्रिजवरच्या तक्त्यात ताप, पाण्याचे ग्लास, गोळ्यांच्या वेळा मांडल्या. तिथेही काही नव्हतं. गुरुवार-शुक्रवार तो घरी नव्हताच. डोळे तपासायच्या नव्या मशीनचं प्रशिक्षण होतं, दुसऱ्या गावी, कंपनीने बोलावलं होतं. न जाऊन चालणार नव्हतं. त्याने धाकट्या बहिणीला दोन दिवस घरी राहायला बोलावलं होतं आणि तिथून अकरा वेळा फोन केला होता. जेवलीस का? जेवले. पडली होतीस का? आता उठले. एकदा फोनवर मागे मोठा गलका ऐकू आला होता, पत्र्याखाली घुमावा तसा. “टीव्ही लावलाय,” ती म्हणाली होती. “आवाज बारीक कर,” तो म्हणाला होता.

म्हणजे आनंद कुठेच बसत नव्हता. मग त्याने दुसरी वाट धरली: ती खोटं बोलली असणार. दुकानात लोक खोटंच बोलतात. परवाच एक आजी आल्या होत्या, रांगेत बसल्या बसल्या आधीच्या गिऱ्हाइकाचं ऐकून सगळी अक्षरं पाठ केलेली. तक्ता बदलला तरी जुनीच अक्षरं घडाघडा म्हणून दाखवली. नापास व्हायची लाज वाटते माणसाला. बायकोनेही त्या मुलीचं मन राखायला लिहिलं असेल. झोपेचं तर तिने ढळढळीत खोटं लिहिलं होतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. ती या कुशीवरून त्या कुशीवर होताना तो शेजारी श्वास रोखून जागाच असायचा. एक खोटं तर सगळीच खोटी. या विचाराने त्याला दोन दिवस बरं वाटलं, आणि तिसऱ्या दिवशी एका मुलाच्या फ्रेमचा स्क्रू पिळता पिळता त्याच्या मनात आलं की खोट्यावर कुणी दोनदा गोल गिरवत नाही. आणि त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती, ती मात्र त्याला सरळ बघवत नव्हती. ती खूप आनंदात होती याचा त्याला राग आला होता. मी सात महिने मर मर मरतोय, दुपारचं दुकान बंद ठेवतोय, रेडिओ बंद, मोठ्याने शिंकायची चोरी, आणि ही आनंदात? असं मनात आल्याबरोबर तो इतका शरमला की मुलाच्या आईने पैसे दिलेले न मोजताच त्याने गल्ल्यात टाकले.

लग्नानंतर पहिली कित्येक वर्षं त्याची एकच तक्रार असायची: हळू बोल. ती पहाटे पाचला निघायची, नऊला तलावाच्या पाण्याचा वास घेऊन परत यायची. क्लोरीनचा तो उग्र वास तिच्या टॉवेलला, केसांना, उशीला असायचा. आणि घरातही ती अशी बोलायची जणू तो समोरच्या काठावर उभा आहे. “अगं, मी चार फुटांवर आहे,” तो म्हणायचा. “सवय हो. पाण्यात कान भरलेल्या पोरींना ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही.” आता ती हळू बोलायची. सगळं घरच हळू बोलायचं. न्हाणीघरातून तो वास कधी गेला हेही त्याला कळलं नव्हतं. तिसऱ्या महिन्यात केव्हातरी टॉवेलने तोंड पुसताना कसलीतरी चुकल्यासारखी हुरहुर लागली आणि मग ते काय ते उमगलं. तिची पोहण्याची बॅग त्याने माळ्यावर टाकली होती, नजरेसमोर नको म्हणून. केस गेले तेव्हा न्हाणीघरातला आरसा काढून भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. पलंगाशी एक घंटी ठेवली होती. ती तिने कधी वाजवली नाही. हे सगळं करताना त्याला फार बरं वाटायचं, हे आता त्याच्या ध्यानात आलं. इतकी वर्षं तिला त्याची गरज कशासाठीच लागली नव्हती. तिने बल्ब बदलले, आता लांब सासरी असलेल्या लेकीला सायकल शिकवली, त्याच्या आईचं शेवटचं सगळं केलं. आणि आता पाण्याचा ग्लाससुद्धा तो द्यायचा. कुणी विचारलं असतं की गेल्या सात महिन्यांत तुम्हाला आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत असं वाटलं का, तर त्याने कुठल्या शब्दावर गोल काढला असता? त्याने हातातली काच इतकी जोरात घासली की ती चिरली.

त्या आठवड्यात तिला पाचवी बाटली चढली आणि ती आडवी झाली. तो शेजारी बसायचा आणि “बरं वाटतंय ना?” म्हणायचा. ती “हो” म्हणायची. आपण हे दिवसातून किती वेळा विचारतो ते त्याने एक दिवस मोजलं, तर दुपारी तीनपर्यंतच एकोणीस झालं. विसाव्यांदा शब्द ओठांवर आले ते त्याने गिळले, आणि आता दुसरं काय बोलायचं तेच त्याला सुचेना. सदतीस वर्षं संसार केलेल्या बाईशी बोलायला विषय नाही. “पंखा कमी करू?” तो शेवटी म्हणाला. तिने डोळे न उघडता हाताने ‘असू दे’ केलं.

पुढच्या शनिवारी धाकटी बहीण दुकानात आली, चष्म्याची दांडी ढिली झाली म्हणून. ती खुर्चीवर बसून इकडचं तिकडचं बोलत होती आणि तो सहज म्हणाला, “त्या दोन दिवसांत तू होतीस म्हणून निभावलं बाई.” बहीण गप्प झाली. ती गप्प झाली की काहीतरी असतं, हे तो लहानपणापासून ओळखून होता. “काय गं?” “दादा, तू ओरडणार.” “नाही ओरडत.” “मी राहिलेच नाही रे. वहिनीने मला गुरुवारी दहा वाजताच परत पाठवलं. म्हणाली, तुझ्या घरी तुझी कामं पडलीत, जा, आणि दादाला बोललीस तर बघ. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही एकट्या? तर म्हणाली, तेच तर.” बहिणीने पर्समधून रुमाल काढला. “अशी हसत होती रे दारात. मला वाटलं, असू दे.”

दांडीचा स्क्रू बसवून त्याने चष्मा पुसून बहिणीच्या हातात दिला, तिला रिक्षापर्यंत सोडलं, परत येऊन स्टुलावर बसला. म्हणजे गुरुवार आणि शुक्रवार. सातातले दोन दिवस तो घरी नव्हता आणि तेच दोन दिवस त्याने मोजले नव्हते, कारण ज्या दिवशी आपण नव्हतो त्या दिवशी काही घडलंच नसणार असं त्याने धरून ठेवलं होतं. गिऱ्हाईक येऊन “उघडं आहे ना?” म्हणून विचारून गेलं तरी तो स्टुलावरून उठला नाही. त्याला राग आला नव्हता. राग असता तर बरं, रागाला निदान धरायला काहीतरी असतं. रस्त्यावरून माणसं जात होती, कुणी दुकानाच्या काचेत केस नीट करत होतं, आणि तो त्यांच्याकडे बघत विचार करत होता की आपण घरातून गेलो आणि ती हसली.

घरी गेल्यावर त्याने जेवणाची ताटं मांडली, पाणी ठेवलं, आणि बसता बसता म्हणाला, “मी तुझा कागद वाचला.” “कोणता कागद?” “प्रश्नावलीचा. मागच्या वेळी. ती बाहेर गेली होती. आनंदाला तू खूप लिहिलंयस.” तिने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. मग तिचा आवाज आला, तो जुना, पलीकडच्या काठापर्यंत जाणारा. “तुम्ही माझा कागद वाचलात?” “उलटा दिसला गं...” “उलटा असो नाहीतर सुलटा! कुणी वाचणार नाही म्हणून तिने मला सांगितलं होतं. मी त्या भरवशावर लिहिलं. एक खोली आहे ती माझी, तेवढीच. तिथे ती पोरगी प्रश्न विचारते आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसते. घाई करत नाही, डोळ्यांत पाणी आणत नाही. आणि तुम्ही तिथेही आलात!” तिने ताट सरकवलं आणि आत गेली. दार लावलं. आदळलं नाही, नुसतं लावलं. तो ताटाशी बसून राहिला. खूप वेळाने त्याच्या लक्षात आलं की गेल्या सात महिन्यांत घरात एवढा मोठा आवाज पहिल्यांदाच झाला होता, आणि छताचा पोपडासुद्धा पडला नव्हता.

सकाळी ती आपणहून स्वयंपाकघरात आली, स्टुलावर बसली, आणि चहा तिने स्वतः गाळला. थोडा ओट्यावर सांडला. तो पुसायला उठला, मग बसला. “तलावावर गेले होते,” ती म्हणाली. “दोन्ही दिवस. बसने.” “बसने!” “ऐकायचंय की ओरडायचंय?” त्याने कप हातात घेतला. “नर्सला विचारलं होतं आधी. ती म्हणाली, पाण्यात उतरायचं नाही, गर्दीत जायचं नाही, काठावर बसा हवं तर. दुपारी मुलींची बॅच असते, दहा-बारा जणी. नवीन शिक्षिका माझ्याच हाताखाली शिकलेली. तिने खुर्ची आणली, मी म्हटलं, खुर्ची कसली आणतेस, आणि काठावर पाय सोडून बसले. तुम्हाला माहिताय, माझे तळवे बधीर झालेत. औषधाने. चालताना फळीवर चालल्यासारखं वाटतं.” त्याला माहीत नव्हतं. तक्त्यात तो रकाना नव्हता. “पाण्यात पाय घातले आणि, कसं सांगू, पाय आहेत हे कळलं. पाण्याने सांगितलं. मग एक पोरगी कोपर वाकवून हात मारत होती, तर माझ्या तोंडून ओरडा गेला, कोपर! आणि सगळ्या थांबल्या. आणि मग मी दोन तास ओरडत होते. घसा बसला. तुमचा फोन आला तेव्हा तिथेच होते मी.” “टीव्ही म्हणालीस.” “मग काय सांगू? तुम्ही तिथून टॅक्सी करून आला असतात.” आला असता, यात शंकाच नव्हती. “कुणीसुद्धा मला बरं वाटतंय का विचारलं नाही,” ती म्हणाली. “एका पोरीने विचारलं, बाई, तुमचे केस कुठे गेले? मी म्हटलं, पाण्यात डोकं नीट न घालणाऱ्या पोरींना ओरडून ओरडून गेले. तिने टुणकन डोकं आत घातलं.”

तो हसला. हसू आलं ते नाकातोंडातून, चहासकट, आणि मागोमाग दुसरंही काहीतरी यायला लागलं, म्हणून त्याने कप खाली ठेवला. “आणि मी काय लिहिलं होतं, माहिताय?” तो म्हणाला, आणि त्याने आपला कागद आठवेल तसा तिला सांगितला: झोप नाही, भूक नाही, आनंद नाही, मरणाची भीती खूप. ती ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू मऊ झाला. “अहो,” ती म्हणाली, “हे सगळं तुमचंच लिहिलंत की.” त्याने कपाचा कान दुसऱ्या बाजूला फिरवला. “झोपेचं मात्र बरोबर आहे. झोप मलाही नाही. खरं लिहिलं असतं तर आणखी एक गोळी वाढवली असती त्यांनी. आणि भीती...” खिडकीतून खालच्या रस्त्यावरची कचऱ्याची गाडी ऐकू येत होती. “काही दिवस वाटते. त्या सात दिवसांत नाही वाटली. त्यांनी सातच दिवसांचं विचारलं होतं ना?” मग पदार्थ शिजलाय का बघावं तसा तिने त्याचा हात दाबून बघितला. “तुम्ही जेवताय का नीट? किती हडकलात.” आणि लगेच, जुन्या आवाजात: “आता त्या पोरीला जाऊन सांगा. तुम्हीच. मी नाही सांगणार.”

सोमवारी त्याने सांगितलं. मुलगी आधी पांढरी पडली. फाईल उघडी टाकून गेले ही माझी चूक, म्हणाली, आता सरांना लिहून द्यावं लागेल. मग पेन खालीवर करत हळूच म्हणाली, “काका, तुम्हाला यातून बाहेर काढावं लागेल. आणि काकूंचं त्या दिवशीचं पानही बहुतेक बाद होईल.” आतापर्यंत दारात उभी असलेली बायको पुढे आली. “का म्हणून? वाचलं यांनी. माझं पान का बाद?” “काकू, नियम असतो...” “मी ते प्रामाणिकपणे लिहिलंय. म्हणजे झोपेचं सोडून. ते मी आत्ता दुरुस्त करून देते, आण इकडे. पण चौदावा प्रश्न राहिला पाहिजे. पुढे कुणीतरी तो बेरजेत धरला पाहिजे की नाही? की अशा बाईलासुद्धा, चौथ्या बाटलीनंतर, खूप वाटू शकतं?” मुलीने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. प्रश्नांच्या कागदात हे कुठे लिहायचं, ते तिला कळत नसावं. “मी सरांशी भांडते,” ती शेवटी म्हणाली. “भांड,” बायको म्हणाली, “आणि काका, तुम्ही बाहेर बसा.” तिने त्याला काका म्हटलं हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. तो बाहेर बाकावर बसला. दार लागलं. आत चाळीस मिनिटं काय चाललं होतं ते त्याला कळलं नाही; मधे एकदा दोघी मोठ्याने हसल्या, मधे बराच वेळ काहीच आवाज नव्हता. त्या शांततेत उठून दाराशी जावं असं त्याला फार वाटलं. त्याने बाकाची कड घट्ट धरून ठेवली.

सहाव्या बाटलीनंतरचा तिसरा आठवडा आला तेव्हा बॅग माळ्यावरून काढायला तिनेच त्याला स्टुलावर चढवलं. दोघं बसने गेले. वाटेत तिने सांगितलं की रविवारी सकाळी नवशिक्यांची बॅच असते, वयाची अट नाही, आणि तिने त्याचं नाव दिलं आहे. तो थट्टा समजला. तो जन्मात कधी कमरेच्या वर पाण्यात उतरला नव्हता. समुद्रावर गेलं तरी तो चपला सांभाळत वाळूत बसायचा. पण तिने पिशवीतून चड्डी काढली, नवीकोरी, किमतीची चिठ्ठी अजून लटकलेली. अर्ध्या तासाने एकसष्ट वर्षांचा चष्मेवाला, चष्म्याविना, सात-आठ वर्षांच्या पोरांच्या रांगेत उथळ भागात काठाच्या लोखंडी नळीला धरून उभा होता. शेजारचा चिमुरडा त्याला धीर देत म्हणाला, “आजोबा, पहिल्यांदा नाकात जातं, मग जात नाही.” डोळ्यांपुढे सगळं धूसर होतं: निळं, पांढरं, हलणारं. काठावर एक निळा रुमाल तेवढा कळत होता. “नळी सोडा!” तिथून आवाज आला, वर छपराच्या पत्र्यावर घुमला. “तोंड पाण्यात, पाय मागे, सोडा!” त्याने श्वास घेतला आणि सोडली. पाणी कानात शिरलं आणि आवाज बंद झाले. पाय वर गेले, हात कशाला लागेनात, नाकातून आग डोक्यात चढली. आता संपलं, असं त्याला अगदी स्पष्ट वाटलं, आणि आश्चर्य म्हणजे त्या क्षणी त्याच्या मनात ती नव्हती, कुणीच नव्हतं, नुसती छाती होती आणि छातीतलं ओरडणं. त्याने हातपाय झाडले, पाणी गिळलं, वळवळला, आणि ठसकत, खोकत, डोळे फाडून तोंड वर काढलं ते तिच्याकडे. तिने बघितलं असणार, ती उठली असणार, धावली असणार. निळा रुमाल जागेवरच होता. तिची पाठ त्याच्याकडे होती. डोळे बारीक केले तेव्हा दिसलं, ती पलीकडच्या रांगेतल्या कुठल्याशा मुलीला तिचा हात धरून कोपर कसं ठेवायचं ते दाखवत होती, आणि त्यात पार रंगून गेली होती. तो खोकत राहिला. मग त्याला कळलं की तो उभा आहे. पाणी कमरेपर्यंतच होतं.